रक्त वर चढतं कसं, मामा?

मामा,

तुमचं तेरावं होऊन पंधरा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, दारातला मंडप उतरवला, भाड्याने आणलेल्या सतरंज्या परत गेल्या. आत्या दुपारच्या थोडं झोपायला लागल्या आहेत. घर हळूहळू जागच्या जागी येतंय. माझंच तेवढं बाकी आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे.

लोकांकडे सासरा आणि सून भांडतात ती भाजीतल्या मिठावरून, नाहीतर पोरांच्या लाडावरून. नवीन लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा शेजारची एक बाई मला बाजूला घेऊन काळजीने विचारत होती, "तुमच्याकडं रोज संध्याकाळी आवाज कसला येतो गं? वाटणीबिटणी काढली का काय?" तिला कसं सांगणार, की आमच्याकडे पायातलं रक्त खाली जातं की वर, यावरून वाद चाललाय! चौदा वर्षं हा वाद चालला. आणि तुम्ही तो अर्ध्यात टाकून उठून गेलात. तुमची सवयच ती. हरायची वेळ आली की "मास्तरीणबाई, च्या टाका" म्हणायचं आणि विषयावर पाणी सोडायचं.

सुरुवात तुमच्या पट्टीपासून झाली. मी माळशिरसकडच्या शेतकऱ्याची पोर, सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागून वर्ष झालं होतं. मागावर काम करणारा माणूस मी तोवर जवळून पाहिला नव्हता. तुम्ही मागच्या गल्लीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून पाळी संपवून आलात, ओट्यावर बसलात आणि विजार गुडघ्यापर्यंत वर ओढलीत. दोन्ही गुडघ्यांखाली टॉवेलाच्या कडेची कापून काढलेली पट्टी करकचून बांधलेली. ती सोडली तर खाली कातडीवर बोटभर खोल वळ. आणि त्या वळाच्या खालची पोटरी सुजून टम्म झालेली, तिच्यावर निळ्या शिरा अशा फुगलेल्या, जणू कुणी दोरखंड कातडीखालून घातलाय. घोट्याजवळची कातडी काळवंडलेली.

नव्या सुनेने सासऱ्याच्या पायाकडे बघू नये आणि बघितलंच तर बोलू नये, हे मला माझ्या आईने शिकवून पाठवलं होतं. पण माझ्यातल्या मास्तरणीला ते शिकवलेलं नव्हतं.

"मामा, ही पट्टी कशाला बांधता?"

"रगत उतरू न्हाय म्हून."

"कुठून?"

"वरनं. दिसभर हुबं ऱ्हायलं की रगत खाली उतरतंय आन् पायात साठतंय. मग पाय सुजतोय. वाटंतच अडवलं की झालं. समदी बांधत्यात कारखान्यात."

म्हणजे ही एकट्या तुमची गोष्ट नव्हती. त्या कारखान्यातली निम्मी माणसं तशीच पट्टी बांधून उभी राहत होती. शेतातल्या पाटाला माती टाकून पाणी अडवावं, तसा तुमचा सगळा हिशोब होता. ऐकायला इतका बरोबर, की ऐकणाऱ्यानेही बांधावी. मी म्हटलं, "मामा, तुम्ही येणारं नाही, जाणारं रक्त अडवताय."

तुम्ही आत्यांकडे बघितलंत. सून डोक्याने बरी आहे ना, अशा नजरेने.

मी समजावायला बसले. हृदयाकडून पायात रक्त आणणाऱ्या रोहिण्या आत खोल असतात, जाड भिंतीच्या. त्यांच्यामागे हृदयाचा रेटा असतो, तुमच्या पट्टीला त्या दाद देत नाहीत. आणि रक्त परत वर नेणाऱ्या या नीला, त्यातल्या कितीतरी अगदी कातडीखाली, भिंत पातळ, आत जोर कमी. पट्टीखाली पहिल्यांदा दबतात त्या ह्या. म्हणजे येणं चालू आणि जाणं बंद. पाय सुजणार नाही तर काय होणार? तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "ह्या शिरांतलं रगत वर चाललंय म्हनतीस?"

"हो."

"वर? आगं, आपल्या नळाला चार दिसांनी पानी येतंय, ते पहिल्या मजल्यावर चढत न्हाय. मोटार लावावी लागती. आन् रगत टाचंपास्नं छातीपतुर चढतंय? कोन चढवतंय त्याला?"

"हृदय."

"हृदय हितं हाय. पाय तितं हाय. मोटार वर ठिऊन पानी खालनं ढकलता येतंय व्हय?"

चहा टाकायची पाळी त्या दिवशी माझ्यावर आली. कारण मला उत्तर येत नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. सातवी-आठवीच्या पुस्तकात हृदयाचे चार कप्पे होते, दोन अलिंद, दोन निलय. बाणही होते. अशुद्ध रक्त उजवीकडे येते, फुप्फुसात जाऊन डावीकडे परतते आणि शरीरभर जाते, असं मी फळ्यावर दरवर्षी काढत होते. पण डाव्या निलयाने ढकललेलं रक्त केसाहून बारीक नळ्यांच्या जाळ्यातून जाता जाता त्याचा रेटा संपत येतो, मग ते टाचेपासून वर कसं चढतं, हे मला एकाही विद्यार्थ्याने विचारलं नव्हतं. चौथी शिकलेल्या माणसाने ते पाय चेपता चेपता विचारलं. मला त्या रात्री तुमचा फार राग आला होता.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला ओट्यावर गाठलं. म्हटलं, "मामा, पाय राहू दे. हात द्या." तुमच्या हाताच्या शिरा तर काय, लांबूनही मोजता याव्यात अशा. मनगटाजवळ एका शिरेवर मी एक बोट दाबून धरलं. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे शीर निपटत नेली आणि वरचं बोट उचललं. शीर सपाट झाली होती, तशीच सपाट राहिली. वरून एक थेंब खाली आला नाही. मग खालचं बोट उचललं. शीर खालून वर भरत गेली, सरसर.

तुम्ही हात डोळ्यांजवळ नेलात. मग स्वतःच स्वतःच्या हातावर करून बघितलंत. चार वेळा. आत्यांना बोलावलंत, त्यांचा हात धरलात. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने भर ओट्यावर हात धरला म्हणून आत्या लाजून आत पळाल्या. "आत झडपा असतात," मी म्हटलं. "वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. तुमच्या पायातल्या त्या झडपा आता नीट मिटत नाहीत, म्हणून रक्त साठतं."

"हाताचं येगळं, पायाचं येगळं," तुम्ही म्हणालात. "आन् झडपा परत येऊ देत न्हाईत, हे पटलं. पन वर ढकलतंय कोन, ते सांग की."

त्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मी शोधलं आणि अर्धं तुमच्याकडे आधीपासून होतं. मी एका जाडजूड पुस्तकातून वाचून आले, की चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि झडपांमुळे रक्ताला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. "हे मला ठावं हाय."

"कसं ठावं?"

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मला तुमच्या मेंढरांचं सांगितलंत. सांगोल्याकडच्या माळावर तुम्ही पोरवयात मेंढरं राखलीत. चार-चार महिने कळपामागे चालायचं, दिवसभर. "तवा पाय कदी सुजला न्हाय. दुखायचा, पन सुजायचा न्हाय. हितं मागाम्होरं हुबं ऱ्हायलो आन् साल-दीड सालात सुजला." आणि कारखान्यातलंही तुम्ही टिपून ठेवलं होतं. ज्याच्याकडे चार माग आहेत तो तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, जोडत या मागावरून त्या मागावर फिरत असतो, त्याचे पाय बरे. ज्याच्याकडे एक जुना माग आणि बसायला जागा नाही, तो खिळल्यासारखा उभा, त्याचे पाय गेले. इतकं सगळं बघूनही तुम्ही पट्टी बांधत होता, हे मला अजून कळत नाही. मी पोटरीला दुसरं हृदय म्हणते हे ऐकून तुम्ही बोटं मोजलीत. "म्हंजी मानसाला तीन काळजं. एक छातीत, दोन पायात. मग मेंढराला पाच की गं!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसलात, की ठसका लागला.

त्या वर्षी आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी ताठ उभी राहिलेली एक मुलगी चक्कर येऊन पडली. मी घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "हुबं ऱ्हायचंच आसंल तर टाच उचलायची. खाली-वर, खाली-वर. आमी माग बंद पडला आन् मेस्तरीची वाट बघत हुबं ऱ्हायलो की तेच करतो." दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेची प्रार्थना सुरू झाली की नऊ तुकड्यांच्या टाचा हळूच खाली-वर होऊ लागल्या. मुख्याध्यापक बाईंना आधी वाटलं, पोरं चेष्टा करतायत. मी हे तुमचं म्हणून कधी सांगितलं नाही. माझंच म्हणून सांगितलं. तेवढं खोटं माझ्या पदरात आहे.

पट्टीच्या बाबतीत मात्र तुम्ही हार मानली नाहीत. बांधायची असेल तर पावलापासून सुरू करून वरपर्यंत गुंडाळत न्या, खाली घट्ट आणि वर सैल, असं मी शंभरदा सांगितलं. तुम्ही "व्हय व्हय" म्हणायचात. कारखान्यात जाताना काय करत होता, ते मी कधी बघितलं नाही.

काम सुटल्यावर तुमचे पाय बरे होतील असं मला वाटलं होतं. उलट, या वर्षी उन्हाळा संपता संपता उजव्या घोट्याच्या आत जखम झाली आणि ती भरेना. मी तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलले. पाय असे लोंबकळत ठेवू नका, बसाल तेव्हा स्टुलावर वर ठेवा, फार वेळ उभे राहू नका, आणि रोज चाला. मामा, त्या वाक्याचा अर्धाच भाग मी घरी आणला. जखम पाहून माझा धीर सुटला होता. मी बाजारातून हाताची खुर्ची आणली, समोर स्टूल ठेवलं, त्यावर उशी ठेवली आणि तुम्हाला बसवलं. "आता हलायचं नाही. जखम भरेपर्यंत इथेच."

तुम्ही म्हणालात, "डाक्टर चालायला सांगत हुता."

मी म्हणाले, "घरातल्या घरात चाला. संडासपर्यंत."

पोटरी हेच पायाचं हृदय, हे आठवीच्या वर्गाला शिकवून मी रोज घरी यायची आणि तुम्ही खुर्चीतून उठला तर नाही ना, ते बघायची. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत. शाळेतून येताना पिठाच्या गिरणीजवळच्या वळणावर रिक्षा आडव्या येतात म्हणून मी गाडीचा हॉर्न वाजवते, तो वाजवून दोन मिनिटांत मी दारात. तुम्ही खुर्चीत. पाय उशीवर. किती शहाण्यासारखे! मला इतकं बरं वाटायचं. कधी तुमच्या भुवईवर कापसाचा तंतू दिसायचा. मी तो बोटाने काढायची आणि मनात म्हणायची, काम सुटून वर्षं झाली तरी यांच्या अंगातला कापूस काही सुटत नाही.

दोन महिन्यांत जखम भरत आली. मी जिंकले, असं मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा.

तो रविवार होता. नळाला पाणी आलं होतं. तुम्ही पिंपात पाइप सोडायला उठलात आणि पायरीवर बसलात. "मास्तरीण, दम लागतोय गं." एवढंच. तुमचा लेक टेंभुर्णीला कामावर होता. आत्या आणि मी तुम्हाला रिक्षात घातलं. रस्ताभर तुमचं मनगट माझ्या हातात होतं. अंगठ्याच्या मुळाशी रोहिणी वर येते, तिथे हृदयाचा प्रत्येक ठोका लाट होऊन पोचतो, हे मी मुलांना मोजायला लावते. तुमचा ठोका इतका जलद होता, की मला मोजता येईना. दवाखान्याच्या दारात तो माझ्या बोटाखालून गेला. मी बोट काढलं नाही. नर्सने काढलं.

त्याच डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी, ती सुटून फुप्फुसात गेली. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "बरेच दिवस एका जागी बसून होते का?"

मी म्हणाले, "हो. दोन महिने. मीच बसवलं होतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला दोष दिला नाही. वर हेही म्हणाले, की अशा पायांत, या वयात, ते कशानेही होऊ शकतं, नेमकं कशाने ते कुणी सांगू शकत नाही. पण मला फक्त माझा 'हो' ऐकू येत राहिला. तुम्हाला आंघोळ घालताना, तुम्हाला नेताना, दहाव्याला कावळा शिवायची वाट बघताना मी मनात तीच एक वाट काढत होते. पोटरीतून मांडीत. मांडीतून पोटातल्या मोठ्या नीलेत. तिथून उजवा अलिंद, उजवा निलय. वर जाताना शिरा रुंद होत जातात, म्हणून गुठळी कुठे अडत नाही. फुप्फुसात वाट पुन्हा अरुंद होते, तिथे अडते. मामा, तुमचा प्रश्न होता ना, रक्त वर चढतं का? चढतं. त्याच वाटेने ती चढली. आपला वाद असा मिटायला नको होता.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी कारखान्यात शोकसभा होती. तुमचे जोडीदार नरसय्या काका बोलवायला आले. आत्या म्हणाल्या, तू जा. मी गेले. पाळी बदलायच्या वेळी सगळे माग थांबवले. त्या गल्लीला लागून मी चौदा वर्षं राहतेय, पण माग बंद असल्यावर ती गल्ली कशी ऐकू येते, ते मला तेव्हा कळलं. दूर कुणाची तरी सायकल ऐकू आली. दोन मिनिटं उभं राहायचं होतं. तीसेक माणसं ओळीत उभी राहिली, अंगावर कापूस, माना खाली. माझीही मान खाली होती. आणि मला दिसलं, की समोरच्या ओळीतल्या टाचा हळूहळू उचलल्या जातायत. खाली-वर. खाली-वर. म्हाताऱ्यांच्या, जवानांच्या. त्यांच्या ध्यानातही नव्हतं. आणि विजारी वर सरकल्या की दिसत होतं, पट्ट्या होत्या, पण गुडघ्याखाली करकचून बांधलेल्या नव्हत्या. पावलापासून गुंडाळत वर नेलेल्या होत्या.

सभा संपल्यावर मी नरसय्या काकांना विचारलं, "ही पट्टी अशी बांधायची कुणी सांगितली?"

"त्यानंच की," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. आधी आमी वर बांधत होतो. एक दिवस आला आणि समद्यांचे हात धरून शिरा दाबून दाखवल्या. रगत वर चाललंय म्हणे. आम्ही बोललो, तुला कोण सांगितलं? तर बोलला, माझी सून शाळेत शिकवती. तिला समदं ठावं हाय."

मला एकदा, तोंडावर, एकदाच म्हणाला असता तर? चौदा वर्षं 'हाताचं येगळं, पायाचं येगळं' ऐकवलंत आणि तिकडे माझा पोवाडा गात होता! मी घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडले. आनंदाने नाही. तीस माणसांना माझं नाव सांगून तुम्ही पाय हलवायला शिकवलंत, आणि तुमचे पाय मी बांधून ठेवले.

खुर्ची घरात नको होती मला. तेराव्यानंतर मी आत्यांना म्हणाले, "ही कुणाला तरी देऊन टाकू."

आत्या गव्हातले खडे निवडत होत्या. "का गं? नवी तर हाय."

"नको वाटते. दोन महिने मामा त्यात बसून होते."

आत्यांचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं आणि मामा, त्या हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर पदर.

"त्यात बसलं कोन? आगं, तू गाडीला किक मारलीस की हे मागल्या दारानं बाहीर. कारखान्यात जायचं, दोन मागांत फिरत ऱ्हायचं, पोरांच्या तारा जोडून द्यायचं. मग तळ्यापतुर चालत जाऊन यायचं. मी म्हनायची, सून बगंल. तर म्हनायचं, सून घाबरलीया, तिला कशाला सांगायचं? तिनंच शिकवलंय मला, चालल्याबिगर रगत वर चढत न्हाय. आन् तुजी गाडी गिरनीपाशी वाजली की पळत यायचं. पाय उशीवर टाकायचं आन् धापा दाबत बसायचं. ऐतवार त्यास्नी लई अवघड जायचा. तू घरात. तेवढं मातुर बसायचं."

मी तिथेच खाली बसले. भुवईवरचा कापूस. मी स्वतःच्या बोटाने काढलेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना वाटलं, काही कागद हवेत. मी म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. ते बसून नव्हते. रोज चालत होते." त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मग चांगलं करत होते. झडपा जुन्या झाल्या होत्या, बाई. चालणारा माणूसही कधी असा जातो." मी त्यांना विचारलं, तुम्ही लिहिलेलं खोडता येईल का. ते म्हणाले, त्याची गरज नाही. मला होती. त्यांनी माझ्यासमोर पेनाने ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, रोज चालत होते. माणूस चांगला आहे, मी म्हटलंच आहे.

तर मामा, भांडण हे आहे. तुम्ही मला फसवलंत. दोन महिने रोज. मला राग येतो, कारण तुम्ही सांगितलं असतं तर मीच म्हणाले असते, की चाला. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मी घाबरले होते, हे तुम्हाला दिसत होतं. म्हणून सत्तरीचा माणूस भरत आलेल्या जखमेनिशी मागच्या गल्लीतून पळत यायचा, का, तर सुनेला दारात आल्यावर बरं वाटावं. मी तुम्हाला जपतेय असं समजत होते आणि जपली मी जात होते. याबद्दल तुम्हाला काय म्हणायचं असतं, तो शब्द मला सापडत नाही. आपल्याकडे सुना सासऱ्याला तसं काही म्हणत नाहीत. तुम्ही असता तर मी चहा टाकला असता.

वाद तुम्ही जिंकलात, हेही लिहून देते. रक्त वर हृदय एकटं चढवत नाही. चालणारा चढवतो.

खुर्ची दिली नाही. आत्या तिच्यात बसून गहू निवडतात. शाळा सुटल्यावर आता लवकर घरी पोचायची मला घाई नसते. गिरणीजवळचा रस्ता परवाच रुंद केलाय, रिक्षा आडव्या येत नाहीत. तरी वळणावर मी हॉर्न वाजवते, पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ. आणि गाडी हळू करते. मागच्या गल्लीतून खुर्चीपर्यंत यायला तुम्हाला तेवढा वेळ लागायचा.